बादली विसरू नका

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या तुकडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'कोण काय करतं' अशी यादी फिरली, तेव्हा कुणी डॉक्टर, कुणी मुख्याध्यापक, कुणी द्राक्षबागायतदार, कुणी बँकेत. माझ्या नावापुढे मी लिहिलं होतं, 'उत्पादन अभिकल्प'. त्यावर एकानं खाली विचारलं, "म्हणजे नक्की काय गं?" मी लिहिलं, "केस वाळवायच्या ड्रायरच्या तोंडाला लावायचं नोझल आणि डिफ्यूझर बनवते." पुढची दहा मिनिटं ग्रुपवर फक्त हसणाऱ्या बाहुल्या येत होत्या. एकानं तर विचारलं, "त्यासाठी इंजिनिअर लागतो?"

आज संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत. त्या प्रश्नाचं उत्तर देते. आणि सोबत दोन माणसांचं देणं आहे, तेही जमलं तर फेडते. ती दोघंही या सभागृहात बसली आहेत.

पहिलं देणं आपल्या विज्ञानाच्या सरांचं. सर, तुम्हाला आठवत असेल किंवा नसेल. आठवीत आपल्या वर्गाकडे शाळेच्या बागेला पाणी घालायचं काम होतं. नळाला हिरवा पाइप, आणि आम्ही पोरं पाइपच्या तोंडाला अंगठा लावून लांबच्या जास्वंदीपर्यंत पाणी मारायचो, बऱ्याचदा एकमेकांवर. एकदा सर मागे येऊन उभे राहिले. आम्हाला वाटलं, आता छड्या. सरांनी विचारलं, "अंगठा लावल्यावर पाणी लांब का जातं?" कुणीतरी म्हणालं, "जोर वाढतो." "पाणी वाढतं का?" "हो सर." सगळे एका सुरात. मग सरांनी शिपाईमामांकडून बादली आणवली. हातातलं घड्याळ काढलं. एकदा अंगठ्याशिवाय बादली भरली, एकदा अंगठा लावून. अंगठा लावल्यावर बादली भरायला जास्त वेळ लागला. सर एवढंच म्हणाले, "धार लांब गेली म्हणजे पाणी जास्त आलं असं नाही. नेहमी बादली मोजा."

आम्हाला सगळ्यांना अंगठा लक्षात राहिला. बादली विसरलो. मी तर इंजिनिअर होऊन, पुण्यात नोकरीला लागून, चांगल्या पगारावर ती विसरले. त्याचीच ही गोष्ट.

आधी ड्रायर म्हणजे काय ते दोन मिनिटांत सांगते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये अलेक्झांडर गोदफ्रुआ नावाच्या केशरचनाकारानं केस वाळवायचं पहिलं यंत्र केलं. ते हातात धरायचं नव्हतं, बाईनं त्याच्याजवळ जाऊन बसायचं होतं. हातात धरायचे ड्रायर १९२० च्या सुमाराला आले. आतली रचना मात्र आजही बरीचशी तीच आहे. मागे पंखा, त्याला फिरवणारी छोटी मोटर, पुढे अभ्रकाच्या पट्ट्यांवर गुंडाळलेली नायक्रोमची तार. तार तापते, पंखा तिच्यावरून हवा ढकलतो, हवा तापून बाहेर पडते. जास्त तापलं तर वीज तोडायला आत एक द्विधातू पट्टी असते. नववीच्या प्रयोगात बर्नरवर धरल्यावर वाकणारी ती पट्टी आठवते ना? तीच. परीक्षेत तिच्यावर दोन गुण होते. ड्रायरमध्ये तिच्यावर पार्लरची सुरक्षितता असते.

आता थोडं गणित, घाबरू नका, आठवीचंच आहे. समजा ड्रायर १२०० वॅटचा आहे. म्हणजे सेकंदाला १२०० ज्यूल उष्णता. एक ग्रॅम हवा एक अंशानं तापवायला साधारण एक ज्यूल लागतो. पंखा सेकंदाला २० ग्रॅम हवा ढकलत असेल, तर बाराशे भागिले वीस, हवा ६० अंशांनी तापेल. खोलीत ३० अंश असतील तर बाहेर येणारी हवा ९० अंशांची. आता तोंडाला काहीतरी अडवणारं लावलं आणि हवा २० वरून १५ ग्रॅमवर आली, तर? तारेला त्याचं सोयरसुतक नाही, ती बाराशे ज्यूल देतच राहते. बाराशे भागिले पंधरा, म्हणजे ८० अंश. खोलीचे ३० मिळवले की ११०. पाणी उकळतं त्याच्याही वर. बटण तेच, वीज तेवढीच, आणि हवा वीस अंशांनी जास्त गरम. का, तर आपण पुढे अंगठा लावला.

हा अंगठा म्हणजे नोझल. गोल तोंडातून आलेली हवा चपट्या फटीतून काढायची, म्हणजे ती पात्यासारखी होऊन ब्रशवर ताणलेल्या केसांच्या बटेवर नेमकी पडते. ड्रायरचं तोंड ४५ मिलिमीटर व्यासाचं असेल, तर त्याचं क्षेत्रफळ होतं सुमारे १६ चौरस सेंटिमीटर. फट त्याच्या निम्म्याहून कमी. हवेचा वेग वाढतो, धार लांब जाते, आणि ग्राहकाला हातावर झोत लागला की वाटतं, "वा, काय जोर आहे!" दुकानात ड्रायर असेच विकले जातात. हातावर झोत मारून. दुकानात बादली कुणी मोजत नाही.

मी या कामात आले तेव्हा आधी सहा-सात वर्षं प्लॅस्टिकच्या साच्यांवर काम केलं होतं. मला पहिलं स्वतंत्र काम मिळालं ते पार्लरसाठीच्या ड्रायरचं नोझल. मी त्याची फट ठेवली ७० मिलिमीटर लांब आणि सात मिलिमीटर रुंद. झोत असा सुटायचा की टेबलाच्या त्या टोकाचे कागद उडायचे. वरिष्ठ खूश, विक्री विभाग खूश. दिसायलाही देखणं होतं, काळं, चकचकीत, कडा धारदार. मी त्याचा पहिला नमुना घरी नेऊन आईला दाखवला होता. आई म्हणाली, "छान आहे, पण हे कशाचं टोपण?"

वर्षभरात विक्रेत्यांकडून काही पत्रं आली. चार-पाचच असतील. मजकूर साधारण एकच. नोझल फार तापतं. बोट भाजतं. मशीन मधेच बंद पडतं. ती पत्रं उत्तरासाठी माझ्या टेबलावर आली. आमची चाचणी तर व्यवस्थित झाली होती. ड्रायर स्टँडवर लावला, नोझल बसवलं, तासभर चालवला, तापमान नोंदवलं. प्लॅस्टिक वितळलं नाही, वाकलं नाही, बिघडलं नाही. मग मी त्या कागदावर लिहिलं, 'वापरातील चूक. गरम असताना नोझलला हात लावू नये, हे माहितीपुस्तिकेत छापलेले आहे.' खाली सही केली, तारीख घातली. ती सही मला आजही दिसते. माझी सही चांगली वळणदार आहे, बाईंनी सुलेखनात घोटून घेतली होती.

आता दुसरं देणं.

पुढच्या मे महिन्यात मामेबहिणीच्या लग्नाला मी गावी आले. सकाळी नवरीची तयारी करायला बायका तिला पार्लरमध्ये घेऊन निघाल्या, मीही गेले. बाजारपेठेत जुन्या थिएटरच्या मागे, पहिल्या मजल्यावर. आत गेले आणि बघते तर आपली वर्गमैत्रीण. तिनं मला बजावलं आहे की भाषणात माझं नाव घेशील तर स्टेजवर येऊन तुझी वेणी घालीन, म्हणून घेत नाही. तुम्हाला ओळखू येईलच. सहावीपासून दहावीपर्यंत ती माझ्या मागच्या बाकावर बसायची. गॅदरिंगला अख्ख्या वर्गाचे अंबाडे तीच घालायची. दहावीला तिला कमी गुण पडले, वर्षभरात लग्न झालं, आणि आम्ही पुढे शिकायला गेलेल्या मुलींनी तिची कधी चौकशी केली नाही. मी तर नाहीच केली. चौदा वर्षांनी भेटत होतो. तिनं मला आरशात ओळखलं. म्हणाली, "बस. आधी नवरी, मग तू. केसांचं काय करून घेतलंयस हे?"

मी स्टुलावर बसले आणि तिच्या हातातला ड्रायर बघितला. आमचाच. तोंडाला माझंच नोझल. फक्त त्याच्याभोवती जुन्या सुती साडीची चिंधी गुंडाळून वर दोन रबर लावले होते, आणि फटीच्या चकचकीत कडा ओबडधोबड होत्या, कुणीतरी कानस मारल्यासारख्या.

मी विचारलं, "हे असं का केलंयस?"

ती हात न थांबवता म्हणाली, "अगं, हे ज्यानं बनवलंय ना, त्यानं जन्मात कुणाचे केस वाळवले नसतील. फट एवढीशी ठेवलीय. हवा आतच कोंडते. मशीन गुदमरतं. जरा वेळ चालवलं की आत तार लाल दिसायची, करपट वास यायचा आणि फट्कन बंद. नवरी तशीच ओल्या केसांनी बसलेली. मग मी कानस आणली आणि घासलं. आता बरं चालतं."

"आणि चिंधी?"

"मग काय करू? दर दोन मिनिटांनी हे फिरवावं लागतं. उजवीकडची बट असली की आडवं, भांगाजवळ आलं की उभं. फिरवायचं म्हणजे धरायला नको? हे बघ." तिनं डाव्या हाताची दोन बोटं पुढे केली. टोकाची कातडी जाड, पिवळट झालेली. मग शेजारी उभ्या असलेल्या मदतनीस मुलीला म्हणाली, "दाखव गं ताईंना." ती एकोणीस-वीस वर्षांची पोर. तिच्या अंगठ्यावर ताजा फोड होता.

मला 'मीच बनवलंय' असं म्हणायला त्या दिवशी जमलं नाही. मी गप्प बसून केस करून घेतले, पैसे दिले, ती घेत नव्हती तरी दिले, आणि लग्नाला गेले. अक्षता टाकताना डोळ्यांपुढे तो फोड होता. चाचणीच्या स्टँडवर नोझल तासभर एकाच कोनात बसलेलं असतं. त्याला कुणी फिरवत नाही. पार्लरमध्ये ते दर दोन मिनिटांनी फिरतं. 'हात लावू नये' असं छापणं म्हणजे कढईचे कान तापतात म्हणून 'कढई उचलू नये' असं लिहिण्यासारखं होतं. ती वापरणाऱ्याची चूक नव्हती, ती माझी होती. आणि त्याच्यावर मी सही केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्लर उघडायच्या आधीच मी जिन्यात जाऊन उभी राहिले. ती आली, मी सगळं सांगितलं. कागदावर काय लिहिलं तेही सांगितलं. तिनं कुलूप उघडलं, दिवे लावले, गणपतीपुढे उदबत्ती लावली. मग म्हणाली, "रडू नकोस. स्टूल घे आणि चार दिवस इथं बस. बघ काम कसं चालतं ते. पण फुकट शिकवणार नाही हां."

मी चार दिवस रजा वाढवली आणि बसले. त्या चार दिवसांत मी जे शिकले ते आधीच्या चार वर्षांत शिकले नव्हते. ती केसांवर झोत नेहमी मुळाकडून टोकाकडे मारायची. का विचारलं तर म्हणाली, "उलटा मारला की केस फुलतो, खरखरीत होतो." पुस्तकात याचं कारण आहे. केसाच्या वरच्या आवरणावर खवले असतात, घराच्या कौलांसारखे एकावर एक, आणि त्यांची तोंडं टोकाकडे असतात. उलट्या दिशेनं वारं आलं तर कौलं उचकटणारच. तिला कौलं कुणी शिकवली नव्हती, हाताला कळत होतं. केस जवळजवळ वाळेपर्यंत ती ब्रश लावायची नाही, आणि शेवटच्या ओलाव्याला मात्र बट ताणून धरायची. त्यालाही कारण आहे. केस भिजला की त्यातले हायड्रोजन बंध सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात. जुळताना केस ज्या आकारात धरलेला असेल तो आकार टिकतो. म्हणजे खरं काम शेवटच्या मिनिटाचं. आणि म्हणूनच जुलैच्या दमट हवेत तो आकार संध्याकाळपर्यंत मोडतो, त्यात पार्लरवालीचा दोष नसतो. भांडायला जाऊ नका.

कुरळ्या केसांच्या बाईला ती नोझल लावायचीच नाही. ड्रायर लांब धरून, दुसऱ्या हातावर चाळणी ठेवून तिच्यातून हवा सोडायची. पिठाची चाळणी! कुरळ्या केसाला जोराचं वारं लागलं की त्याची वळणं विस्कटतात, त्याला हवा हवी पण वारा नको. यासाठीच डिफ्यूझर असतो, वाटीसारखा पसरट, भोकांचा, वर बोटांसारखे खुंट असलेला. पण त्यातही बादलीचं गणित चुकवता येत नाही. १६ चौरस सेंटिमीटरच्या तोंडातली हवा तीन मिलिमीटरच्या भोकांतून तेवढीच सहज जायला हवी, तर निदान सव्वादोनशे भोकं पाडावी लागतात. बाजारातल्या स्वस्त डिफ्यूझरची भोकं एकदा मोजून बघा. साठ-सत्तर भरतात. मग आतला ड्रायर गुदमरतो आणि आपण म्हणतो, कंपनी वाईट.

निघताना मी तिचं ते कानस मारलेलं नोझल मागून घेतलं, बदल्यात नवे दोन ड्रायर देऊन. पुण्याला आल्यावर व्हर्नियर लावला. तिनं फट घासून घासून नऊ मिलिमीटर केली होती. मग आम्ही हवा मोजली. माझ्या मूळ नोझलमधून सेकंदाला १५ ग्रॅम. तिच्या नोझलमधून १८. हवा तेरा अंशांनी थंड, मशीन बंद पडत नव्हतं. झोताचा वेग थोडा उतरला होता, पण ओल्या केसांच्या सारख्या वजनाच्या बटा घेऊन, वाळवून, पुन्हा तोलून बघितल्या, तेव्हा तिच्या नोझलनं वाळायला जास्त वेळ लागला नाही. माझं नोझल टेबलावरचे कागद उडवण्यात पहिलं होतं. केस वाळवण्यात नव्हतं.

त्यानंतर जे नवीन नोझल केलं त्यात तिच्या चार दिवसांचं सगळं आलं. फट नऊ मिलिमीटर. आतली भिंत गोल तोंडापासून चपट्या फटीकडे हळूहळू वळणारी, कुठे कोपरा नाही, कारण कोपऱ्यात हवा घुटमळते, भिंत जास्त तापते आणि शिट्टीसारखा आवाज येतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोन भिंती. आतली भिंत गरम हवेची, बाहेरची बोटांची, आणि मधे तीन मिलिमीटर मोकळी जागा. त्या पोकळीतली हवा कोंडलेली असल्यामुळे उष्णता सहज बाहेर येत नाही. आपल्या थर्मासची तीच युक्ती, फक्त तिथे निर्वात असतो आणि इथे साधी हवा. आतली भिंत काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची, बाहेरच्या भिंतीला दोन बोटांची पकड. आणि बसवल्यावर कुठल्याही कोनात फिरेल अशी खाच. लोहचुंबकानं चिकटणारी नोझल तेव्हा आमच्या खर्चात बसत नव्हती. त्यातही एक मेख असते. निओडिमियमचं साधं चुंबक ८० अंशांच्या पुढे आपली ताकद गमावू लागतं, त्यामुळे ते गरम हवेपासून लांब ठेवावं लागतं किंवा महागातलं घ्यावं लागतं.

हवा कुठे जाते हे बघायला संगणकावर गणितं केलीच, पण पहिल्या नमुन्यांवर आम्ही काय वापरलं सांगू? पुठ्ठा, चिकटपट्टी, फटीच्या कडेला चिकटवलेले सुती दोऱ्याचे तुकडे, आणि मागच्या जाळीशी धरलेली उदबत्ती. दोरा सरळ राहिला तर हवा नीट, फडफडला तर तिथे भोवरा. एकदा मोठे साहेब अचानक आले आणि आम्ही चौघं ड्रायरला उदबत्ती ओवाळत होतो. ते म्हणाले, "मुहूर्त आहे का?"

खरी लढाई मात्र कागदावरची होती. दोन भिंतींचं नोझल म्हणजे दोन साचे, जास्त प्लॅस्टिक, जास्त वेळ. बैठकीत विचारलं गेलं, "चार-पाच तक्रारींसाठी एवढा खर्च?" मी तो जुना कागद फाइलमधून काढून टेबलावर ठेवला. म्हटलं, तक्रारी चार-पाच आहेत कारण बोट भाजलेल्या पोरी पत्र लिहीत नाहीत, चिंधी गुंडाळतात. 'वापरातील चूक' हा शेरा माझा आहे, सही माझी आहे, तो मी मागे घेते आहे, तशी नोंद करा. मग खिशातून ते चिंधीवालं नोझल काढून फिरवलं. एक-एक जण हातात घेऊन बघत होता. कुणी काही बोललं नाही. सगळं लगेच मान्य झालं असं सांगितलं तर खोटं ठरेल. नवा साचा व्हायला सात महिने गेले, आणि जुनी नोझल दुकानांतून परत मागवली गेली नाहीत. माझी तेवढी ताकद नव्हती. अजूनही कुठल्या पार्लरमध्ये माझं ते जुनं चकचकीत नोझल दिसलं की मला आत जाऊन ते मागून घ्यावंसं वाटतं. दोनदा घेतलं आहे.

एक गोष्ट मात्र झाली. तेव्हापासून आमचं कुठलंही नोझल किंवा डिफ्यूझर साच्याला जायच्या आधी चार पार्लरमध्ये महिनाभर वापरायला जातं, आणि त्या बायकांना त्याचे पैसे मिळतात. पहिलं पार्लर कुठलं ते सांगायला नको. तिचे शेरे छोटे असतात. एकदा नुसतं लिहून आलं होतं, 'मनगट दुखतं.' तेवढ्यावरून आम्ही वीस ग्रॅम वजन कमी केलं.

जगातही या टोपणांवर आता पुष्कळ काम चाललं आहे. २०१६ मध्ये डायसनचा ड्रायर आला, त्याची मोटर मुठीत आहे आणि नोझल चुंबकानं बसतं. २०१८ मध्ये त्यांचं एअररॅप आलं. त्यात वाऱ्याच्या झोतानं केस आपोआप नळीभोवती गुंडाळले जातात. त्यामागे कोआंडा परिणाम आहे, रुमानियाच्या आंरी कोआंडा यांच्या नावानं ओळखला जाणारा. घरी करून बघा. चमचा देठाला सैल धरून त्याची फुगीर पाठ नळाच्या धारेला टेकवा. धार चमच्याला ढकलेल असं वाटतं, प्रत्यक्षात चमचा धारेत ओढला जातो. पाणी असो वा हवा, वळणदार पृष्ठभागाला बिलगून वाहते. सरांनी हेही दाखवलं असतं, पण तेव्हा शाळेच्या नळाला पाणी सकाळीच यायचं.

आता तुमच्या उपयोगाचं थोडं. ड्रायर केसांपासून वीतभर लांब धरा आणि हात हलता ठेवा. २०११ मध्ये कोरियातल्या संशोधकांनी केसांवर प्रयोग करून पाहिलं, तेव्हा १५ सेंटिमीटरवर केसाजवळ तापमान ४७ अंश होतं, ५ सेंटिमीटरवर ९५. तेवढ्या अंतरात निम्म्याचा फरक. नोझल लावलं की उष्णतेचं बटण एक घर खाली आणा, बाराशे भागिले पंधरा लक्षात ठेवा. मागच्या जाळीत केस आणि धूळ अडकते, ती महिन्यातून एकदा जुन्या टूथब्रशनं झाडा, वीज काढून. पुढे अंगठा लावला काय आणि मागे जाळी तुंबली काय, हवा कमी होणार आणि तार लाल होणार. करपट वास आला की वापर थांबवा. आणि ज्या सद्गृहस्थांना वाटतं की आपल्या डोक्याचा या विषयाशी आता संबंध उरला नाही, त्यांनी निदान घरातली जाळी साफ करून द्यावी.

शेवटचं सांगते आणि थांबते.

पाच वर्षांपूर्वी आपला पंचवीस वर्षांचा मेळावा झाला. तेव्हा एक माहितीपत्रक भरायचं होतं, त्यात रकाना होता, 'हुद्दा आणि संस्था'. आपली ही मैत्रीण तेव्हा आली नाही. मी फोन केला तर म्हणाली, "लग्नाच्या तारखा आहेत." या वेळी खरं सांगितलं. तो रकाना बघितला आणि काय लिहायचं ते कळलं नाही, म्हणून पत्रक तसंच ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. तो रकाना आम्हीच केला होता, मी त्या समितीत होते. चार-पाच तक्रारींसारखंच ते. जे आले नाहीत त्यांनी पत्रं लिहिली नाहीत, आणि आपण धरून चाललो की सगळं ठीक आहे.

या वर्षी तो रकाना काढला आहे. त्या जागी लिहिलं आहे, 'आपण काय करता, ते आपल्या शब्दांत.' तिनं तिथे लिहिलंय, 'केस करते. मशिनी तपासते.' मला वाटतं, आपल्या अख्ख्या तुकडीत इतकं नेमकं कुणी लिहिलेलं नाही.

आज सकाळपासून इथल्या निम्म्या बायकांचे केस तिनंच केले आहेत, तेव्हा तिला ओळखायला अवघड जाणार नाही. सगळ्यांचे केस होईपर्यंत तिला चहा मिळाला नव्हता, हेही मला उशिराच कळलं.

सर, तुमची बादली मी एकदा विसरले होते. तिनं कानस घेऊन आठवण करून दिली. आता टेबलाच्या कोपऱ्यात मी एक लहान प्लॅस्टिकची बादली ठेवली आहे. नवीन मुलं विचारतात, मॅडम, ही कशाला? मग त्यांना मी शाळेच्या बागेची गोष्ट सांगते.